सायकलीचं परतीचं तिकीट

मुंबईहून गोव्याला सायकलने निघालेले बरेचजण महामार्ग टाळतात आणि किनाऱ्याची वाट धरतात. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा, तिथून अलिबाग, रेवदंडा, मुरूड. मग आगरदांडा ते दिघी, बागमांडले ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, अशा एकेक खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या. तिकडे या बोटीला जंगलजेटी म्हणतात. सायकल हातात धरून उतारावरून सरळ बोटीत न्यायची, एखाद्या टेम्पोच्या बाजूला कठड्याला टेकवायची, पलीकडचा काठ आला की टांग मारून पुढे. एक स्क्रूसुद्धा सैल करावा लागत नाही.

आठवडाभराने मडगाव येतं. रजा संपत आलेली असते, गुडघे बोलायला लागलेले असतात आणि परतीचा प्रवास रेल्वेने करायचा असतो. इथे मात्र सायकलीचं पार्सल होतं.

स्लीपरच्या प्रवाशाला ४० किलो आणि एसी टू-टियरच्या प्रवाशाला ५० किलो सामान फुकट नेता येतं. सायकलीचं वजन सहसा पंधरा किलोच्या आतबाहेर. तरीही या सवलतीत ती बसत नाही, कारण सायकल आणि स्कूटर यांना नियमानेच त्यातून वगळलं आहे. चाकं काढून पिशवीत भरली आणि डब्यात नेली तर? डब्यात नेण्याच्या ट्रंका-सुटकेसांसाठी साधारण माप ठरलेलं आहे, १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर. मोठ्या सायकलीचं टायरसकट नुसतं चाकच ६७-६८ सेंटिमीटर व्यासाचं भरतं. छोट्या चाकांची, घडी घालून बर्थखाली सरकवता येणारी सायकल असेल तर गोष्ट वेगळी. बाकीच्यांना पार्सल ऑफिस गाठावं लागतं.

तिथे पहिला प्रश्न येतो तो लगेज की पार्सल. हा फरक ज्याला कळला त्याचं निम्मं काम झालं. प्रवासाचं तिकीट दाखवून लगेज म्हणून बुकिंग केलं, तर सायकल आपल्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे सामानाच्या डब्यातून, यावी अशी व्यवस्था असते. तिकीट न दाखवता पार्सल म्हणून दिली, तर जागा मिळेल त्या गाडीने ती मागाहून येते. त्यात अनेक गाड्यांच्या ब्रेकव्हॅनमधली जागा रेल्वेने खासगी ठेकेदारांना भाडेपट्ट्याने दिलेली असते. म्हणून आपल्या गाडीत जागा आहे का, हे आदल्या दिवशीच खिडकीवर विचारून ठेवणं शहाणपणाचं. गाडी सुटण्याआधी अर्धा तास सामान हजर करा, असं नियम सांगतो. जाणकार दोन-तीन तास हाताशी ठेवून जातात, आणि ते बरोबर करतात.

कारण पॅकिंगला वेळ लागतो. पेडल काढायला बहुधा १५ नंबरचा पाना लागतो, आणि डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. हे माहीत नसलेला माणूस जोर लावून ते आणखीच आवळून बसतो. हँडल सैल करून दांडीला समांतर फिरवायचं. पुढचं चाक काढलं तर फोर्कच्या दोन पात्यांमध्ये लाकडाचा तुकडा अडकवायचा, म्हणजे वर ओझं पडलं तरी त्या दबत नाहीत. सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे मागचा डिरेलर. तो ज्या छोट्या पट्टीवर लटकतो ती पट्टी जरा वाकली, तरी गिअर पडेनासे होतात. त्यामुळे तिथे पुठ्ठा दुहेरी हवा. मग सगळ्यावर बारदान चढवून ते दाभणाने, सुतळीने शिवून घ्यायचं आणि बाहेरून नाव, फोन नंबर, कुठून कुठे हे जाड अक्षरांत लिहायचं. पावती खिशात जपायची. ती दाखवल्याशिवाय पलीकडे सायकल ताब्यात मिळत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच बघावी लागते, ती म्हणजे गाडी त्या स्टेशनवर किती थांबते. दोन मिनिटांच्या थांब्यात ब्रेकव्हॅन उघडून सायकल चढवणं होत नाही. कोकणकन्या आणि मांडवी या दोन्ही गाड्या मडगावहूनच सुटतात, म्हणून त्या सोयीच्या पडतात. मधल्या एखाद्या लहान स्टेशनवरून चढण्याचा बेत बहुतेक वेळा फसतो.

एसटीच्या जुन्या लाल गाड्यांना मागे शिडी आणि टपावर कॅरिअर असायचा, तिथे सायकल आडवी बांधून नेता येई. नव्या गाड्यांतून तो कॅरिअर गेला. खासगी बसच्या डिकीत सायकल मावते, पण भाडं आणि जागा दोन्ही गाडीवाल्याशी बोलून ठरवावी लागतात. रेल्वेतही नव्या गाड्यांचा कल तोच दिसतो. मुंबई-मडगाव वंदे भारत २०२३ च्या जूनमध्ये सुरू झाली. या गाडीला ब्रेकव्हॅनच नाही.

इतरांनी यावर उपाय काढले आहेत. जपानमध्ये सायकल सुटी करून पिशवीत भरली की ती साधं सामान ठरते. तिकडे सायकल अशी बरोबर नेण्याला ‘रिंको’ असा वेगळा शब्दच आहे. जर्मनीच्या आयसीई-४ गाडीत आठ सायकलींची जागा असते, तिचं वेगळं तिकीट आधी काढायचं. युरोपीय संघाने तर २०२१ च्या नियमावलीत तरतूदच केली, की नव्या आणि मोठी डागडुजी झालेल्या गाड्यांत किमान चार सायकलींची सोय हवी. चार म्हणजे काही फार नाहीत. आपल्या ब्रेकव्हॅनच्या एका भिंतीला चार हूक आणि चार पट्टे लावायला डबा नव्याने बांधावा लागणार नाही. पुणे आणि नागपूरच्या मेट्रोत सायकल घेऊन चढता येतं, मग लांबच्या गाडीतच तिला बारदानात का शिवावं लागतं, हा प्रश्न रेल्वेपुढे नेटाने मांडायला हवा.

तोवर सकाळी मुंबईत उतरायचं, डब्याकडे पाठ फिरवून गाडीच्या टोकाला धावायचं आणि ब्रेकव्हॅनचं दार उघडायची वाट बघायची. भाजीच्या करंड्या, औषधांची खोकी उतरतात, मग ओळखीचं बारदान दिसतं. पावती दाखवून, सही करून ते ताब्यात घ्यायचं. फलाटाबाहेर सुतळी कापायची, आधी डिरेलरला हात लावून बघायचा, मग हँडल सरळ करून पेडलं बसवायची. बारदानाची घडी करून कॅरिअरला लावायची, पुढच्या खेपेला ती लागणारच असते.