खिडक्या तिरप्या का दिसतात?

२०१९ सालापासून आपल्या नागपुरात मेट्रो धावू लागली. वर्धा रोडवरील उंच पुलावरून जाणाऱ्या मेट्रोचे छायाचित्र मोबाइल आडवा धरून काढा. पुलाचे खांब सरळ दिसतील, पण डब्यांच्या खिडक्या एका बाजूला कललेल्या दिसतील. खिडक्या तर सरळच आहेत! मग असे का होते?

कॅमेऱ्यात भिंगामागे सेन्सर असतो. प्रकाश त्याने किती वेळ टिपायचा, हे शटर ठरवते. शटरचे दोन प्रकार आहेत.

यांत्रिक शटरमध्ये सेन्सरपुढे दोन पडदे असतात. बटण दाबताच पहिला पडदा सरकतो व प्रकाश आत येतो. मागोमाग दुसरा पडदा येऊन प्रकाश अडवतो. 'खट्' असा आवाज येतो तो यामुळेच. पडद्याला सेन्सर ओलांडण्यास सुमारे सेकंदाचा २५०वा भाग लागतो.

इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये पडदा सरकत नाही. आपण पुस्तकाचे पान वरून खाली ओळीओळीने वाचतो, तसा कॅमेरा सेन्सरवरील ओळी एकामागून एक वाचतो. मोबाइलमध्ये हेच शटर असते. त्याचा 'क्लिक' आवाज ही केवळ नक्कल होय.

आता हिशेब करू. सर्व ओळी वाचण्यास सेकंदाचा ५०वा भाग लागतो असे समजा. ताशी ६० किलोमीटर वेगाची मेट्रो तेवढ्या वेळात सुमारे ३३ सेंटिमीटर पुढे जाते. म्हणून खिडकीचा वरचा भाग आधीच्या जागी व खालचा भाग पुढच्या जागी उमटतो. यांत्रिक शटरच्या वेळेत मेट्रो सुमारे ७ सेंटिमीटरच सरकते. त्यामुळे तिरपेपणा सहसा जाणवत नाही.

मग इलेक्ट्रॉनिक शटर वाईट आहे का? मुळीच नाही. त्याचा आवाज होत नाही. निकाहचा खुत्बा चालू असताना किंवा ताडोबाच्या जंगलात हरणासमोर तेच उपयोगी पडते. त्यात झिजणारे पडदेही नसतात. २०२३ साली तर सोनी कंपनीने सर्व ओळी एकाच क्षणी टिपणारा कॅमेरा जाहीर केला. त्यात हा दोष उरत नाही.

छायाचित्र कधी खोटे बोलत नाही, असे लोक म्हणतात. पण तुम्ही पाहिलेच, की सरळ खिडकीही त्यात तिरपी दिसू शकते. म्हणून वेगवान वस्तूचे छायाचित्र पुरावा म्हणून कोणी पुढे केले, तर लगेच मत बनवू नका. ते कोणत्या शटरने काढले, हे आधी विचारा.