उतारावरची कमाई

जपानमधलं आशी सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटर उंचीवर आहे. तिथून ओदावाराच्या किनाऱ्याकडे उतरताना दोन टनी गाडीची जवळजवळ ४ युनिट विजेएवढी ऊर्जा मोकळी होते. हवा आणि टायर आपला वाटा घेतातच. उरलेली ब्रेकच्या पॅडवर उष्णता होऊन जाते, नाहीतर विजेच्या गाडीत मोटर जनित्र बनून ती बॅटरीत भरते.

बॅटरीत जागा मात्र हवी. डोंगरावर मुक्काम करून रात्री ती काठोकाठ चार्ज करणं म्हणजे सकाळची फुकटची वीज नाकारणं!

मित्सुबिशी आउटलँडरच्या प्लग-इन हायब्रिडमध्ये स्टिअरिंगमागच्या पॅडलनी बी-शून्य ते बी-पाच अशी मोटरच्या या ब्रेकिंगची ताकद निवडता येते. उतारावर जास्त ठेवावी, मोकळ्या सपाट रस्त्यावर कमी. वेग घालवून पुन्हा मिळवण्यापेक्षा गाडी तशीच धावू देणं स्वस्त पडतं. लाल सिग्नल दिसताच लवकर आणि हलका ब्रेक लावावा. ऐनवेळी करकचून दाबला, तर पॅडचे ब्रेक कामाला लागतात.