एका प्रस्तावनेची छत्तीस वर्षे

निपुत्रिक पुरुष वारला, त्याच्या मागे पत्नी, आईबाप, भाऊ वा पुतणे यांपैकी कोणी उरले नाही, एक सख्खी बहीण आणि एक दूरचा भाऊबंद एवढेच काय ते राहिले, तर मिळकत कोणाची, या कज्ज्याचा इंग्रजी अमदानीत काशीकडे एक निवाडा होई आणि मुंबईत दुसरा. काशीकडच्या न्यायालयांत १९२९ पर्यंत बहीण वारसच गणली जात नसे. मुंबई इलाख्यात मात्र पितामहीच्या पाठोपाठ तिचा हक्क लागे आणि दूरचा भाऊबंद हात हलवीत परते. याहून कौतुकाची गोष्ट अशी की, मुंबईच्या न्यायाधीशांनी ज्या ग्रंथाच्या आधारे हा हक्क मान्य केला, तो सतराव्या शतकातील एका काशीकर पंडिताचाच होता.

तो ग्रंथ म्हणजे व्यवहारमयूख आणि तो पंडित म्हणजे नीलकंठभट्ट. घराणे मूळचे पैठणचे, पुढे काशीस स्थायिक झालेले. १६७४ साली शिवछत्रपतींचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. भगवंतदेव या बुंदेला सरदाराच्या आश्रयाने नीलकंठांनी ‘भगवंतभास्कर’ नावाचा बारा मयूखांचा, म्हणजे बारा किरणांचा, निबंध रचला. त्यातला न्यायदानाचा किरण हा. बहीण विवाहाने परगोत्रात गेली तरी जन्मली भावाच्याच गोत्रात, म्हणून वारसांच्या क्रमातील ‘गोत्रज’ या शब्दात तिचा समावेश होतो, ही त्यांची उपपत्ती. एका शब्दाच्या अर्थावर कित्येक स्त्रियांच्या मिळकतीचा प्रश्न अवलंबून राहिला.

१८२७ हे वर्ष या इतिहासात विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी सुरतेस बोरोडेल या इंग्रजाने मयूखाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या कारकीर्दीत तयार झालेल्या चौथ्या रेग्युलेशनाने देशाची वहिवाट आधी आणि प्रतिवादीचे धर्मशास्त्र मागून, असा प्रमाणांचा क्रम लावून दिला. आणि आर्थर स्टील याने दख्खनमधील जातीजातींच्या वहिवाटींचा गोषवारा छापून काढला. पोथीचा अर्थ, सरकारचा कायदा आणि लोकांचा आचार यांचा शोध एकाच वर्षी, एकाच इलाख्यात चालू होता.

हे तिन्ही धागे ज्यांच्या हाती एकत्र आले ते पांडुरंग वामन काणे १८८० साली चिपळूणजवळ परशुराम येथे जन्मले. वडील दापोलीस वकिली करीत. काण्यांनी प्रथम रत्नागिरीस व पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकाची नोकरी केली. १९११ साली ती सोडून ते हायकोर्टात वकिलीस उभे राहिले, आणि पुढे काही वर्षे त्यांनी सरकारी लॉ कॉलेजात कायदाही शिकविला. सकाळी संस्कृत पोथी आणि दुपारी अशिलाचे दप्तर अशा जीवनक्रमात १९२६ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातर्फे त्यांची व्यवहारमयूखाची आवृत्ती निघाली. तिच्या प्रस्तावनेदाखल धर्मशास्त्रकारांचा थोडक्यात इतिहास द्यावा, असा त्यांचा मूळ विचार होता. पण सामग्री जमत गेली तशी ती प्रस्तावनेत मावेना, म्हणून तिचा स्वतंत्र ग्रंथ करण्याचे ठरले. ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ याचा पहिला खंड १९३० साली निघाला आणि पाचव्या खंडाचा अखेरचा भाग १९६२ साली. साडेसहा हजारांवर पृष्ठे, आणि लेखक एकटा.

विषयाचा विस्तार पाहिला म्हणजे संशोधनाच्या शाखांच्या सरहद्दी किती कृत्रिम असतात, हे कळून येते. पहिल्या खंडात ग्रंथकारांचा कालनिर्णय आहे, दुसऱ्यात वर्ण, आश्रम व संस्कार, तिसऱ्यात राजधर्म व न्यायव्यवहार, चौथ्यात प्रायश्चित्त, श्राद्ध व तीर्थे. आणि पाचव्यात व्रतांच्या तिथी ठरविता ठरविता लेखक कालगणना, नक्षत्रे आणि पंचांग यांच्या गणितात शिरतो. एकादशी कोणत्या दिवशी करावी, हा प्रश्न धर्माचा खरा. पण त्याचे उत्तर चंद्राच्या गतीवाचून देता येत नाही.

इतक्या परिश्रमातून हाती काय आले? शास्त्र कधीच एका जागी थांबले नव्हते, हा सिद्धांत. आणि त्याचा पुरावा खुद्द शास्त्राच्याच दप्तरात होता. ‘कलिवर्ज्य’ म्हणून जी प्रकरणे आहेत, त्यांत पूर्वी विहित असलेले नियोगासारखे आचार या युगापुरते निषिद्ध ठरविले आहेत. जे विहित होते ते निषिद्ध ठरविण्याचा अधिकार मध्ययुगीन निबंधकारांनी बेलाशक वापरला, तर सनातनाच्या नावाने प्रत्येक सुधारणेस आडवे येणाऱ्यांची बाजू त्यांच्याच साक्षीदारांनी ढासळते.

काणे राज्यसभेचे सभासद असतानाच, १९५६ साली, हिंदू उत्तराधिकाराचा कायदा झाला आणि वारसाच्या कज्ज्यांत मयूख व मिताक्षरा या जुन्या धर्मशास्त्रग्रंथांचे प्रामाण्य बहुतांशी संपले. ज्या ग्रंथाच्या प्रस्तावनेसाठी लेखणी उचलली, त्याचा न्यायालयातील अंमल संपला तरी ती लेखणी आणखी सहा वर्षे चालली. उपयोग सरला म्हणून जिज्ञासा सरत नाही, हीच खऱ्या संशोधनाची कसोटी होय. आणि ज्या बहिणीला नीलकंठांनी एका शब्दाच्या आधारे पितामहीच्या मागे जागा मिळवून दिली होती, तिला नव्या कायद्याच्या वारसांच्या यादीत भावाच्याच ओळीत जागा मिळाली.