ब्लॉगसेवांचा प्रसार आणि प्रथमपुरुषी वाक्य

समकालीन मराठी गद्याचा अभ्यास करू इच्छिणारा विद्यार्थी आज सामग्रीसाठी ज्या ठिकाणी जातो, त्यांत ब्लॉग हे एक प्रमुख ठिकाण होय. तेथे मनुष्य संपादकाच्या कात्रीवाचून, स्वत:च्या नावाने आणि स्वत:च्या अनुभवाविषयी लिहितो, अशी आपली समजूत असते. पदव्युत्तर वर्गाच्या अभ्यासासाठी अशी वाक्ये गोळा करीत असता प्रस्तुत लेखकास मात्र एक अडचण वारंवार जाणवली. 'मला ही कढई फार आवडली' हे वाक्य एका ठिकाणी लिहिणारीच्या स्वयंपाकघरातून आलेले असते, तर दुसऱ्या ठिकाणी तेच वाक्य कढई विकणाऱ्याच्या कचेरीतून आलेले असते. दोहोंच्या रूपात काडीचाही फरक नसतो. पहिले वाक्य बोलणाऱ्याच्या भाषेचा पुरावा म्हणून घेता येते. दुसरे कोणाच्या भाषेचा पुरावा मानावयाचे?

ही अडचण केवळ नीतीची नाही, भाषाभ्यासाचीही आहे. आणि तिचे मूळ शोधू गेल्यास, ब्लॉग लिहिण्याची साधने पुरविणाऱ्या सेवा ज्या रीतीने लोकांपर्यंत पोहोचविल्या गेल्या, त्या रीतीपाशी आपण येतो. आरंभीच्या ब्लॉगसेवांपाशी जाहिरातीसाठी पैसा फारसा नव्हता. त्यांनी आपल्या जाहिरातीचे काम लिहिणाऱ्यांच्याच तोंडी दिले.

प्रथम शब्दाकडे वळू. गलबताचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेला लाकडी ओंडका पाण्यात सोडीत. त्या ओंडक्याला इंग्रजीत 'लॉग' म्हणतात, आणि त्याची मापे ज्या वहीत टिपीत ती 'लॉगबुक'. यावरून १७ डिसेंबर १९९७ रोजी जॉर्न बार्जर या अमेरिकन लेखकाने आपल्या 'रोबॉट विझडम' या संकेतस्थळावरील नोंदींसाठी 'वेबलॉग' हा शब्द योजला. जालावर फिरता फिरता जे आढळले ते टिपून ठेवण्याची वही, एवढाच त्याचा अर्थ. पुढे १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ याने आपल्या पानाच्या कडेला, गमतीने, हा शब्द आपण 'वी-ब्लॉग' असा उच्चारणार असल्याचे जाहीर केले. व्याकरणदृष्ट्या हा बुद्ध्याच केलेला चुकीचा पदच्छेद होय. परंतु त्या पदच्छेदाने वस्तुवाचक नामाचे एकाएकी 'आम्ही ब्लॉगतो' असे वाक्य झाले. वहीच्या जागी कर्ता आला, क्रियापद आले, आणि कर्ताही प्रथमपुरुषी अनेकवचनी.

या थट्टेचा लाभ सॅन फ्रान्सिस्कोतील पायरा लॅब्ज या लहानशा कंपनीने उठविला. तिचा मूळ उद्योग निराळाच होता: कामाच्या नियोजनासाठी लागणारे एक साधन ती तयार करीत होती. त्या ओघात निर्माण झालेले लेखनाचे साधन तिने ऑगस्ट १९९९ मध्ये 'ब्लॉगर' या नावाने लोकांना खुले केले. हे नाव फार विचार करण्याजोगे आहे. 'ब्लॉगर' म्हणजे ते यंत्र, आणि 'ब्लॉगर' म्हणजे ते वापरणारा मनुष्यही. 'मी ब्लॉगर आहे' असे म्हणणारा प्रत्येक जण, मग तो कोणाचेही साधन वापरो, या कंपनीचे नाव उच्चारीत असे. शिवाय 'ब्लॉगस्पॉट' हे नाव लिहिणाऱ्याच्या पत्त्यातच गुंफलेले होते. आपला पत्ता मित्रांना कळविणे म्हणजे आपोआप सेवेची ओळख करून देणे होय. कंपनीचा पैसा संपत आला, तेव्हा नवे सर्व्हर घेण्यासाठी वापरणाऱ्यांनीच वर्गणी जमविली. एखाद्या वाचनालयासाठी गावाने वर्गणी काढावी तसे ते झाले. फेब्रुवारी २००३ मध्ये ही कंपनी गूगलने विकत घेतली, आणि २००४ साली मेरियम-वेब्स्टर कोशाने 'ब्लॉग' हा वर्षाचा शब्द म्हणून जाहीर केला.

मराठीत या शब्दाचे काय झाले हे येथेच पाहणे बरे. 'अनुदिनी' आणि 'जालनिशी' हे दोन पर्याय पुढे आले, आणि दोन्ही घडणीच्या दृष्टीने रम्य आहेत. 'अनुदिनी' हे संतकाव्यात 'दररोज' या अर्थाचे क्रियाविशेषण. त्याची विभक्ती विसरून त्याला स्त्रीलिंगी नाम बनविले गेले. 'जालनिशी' ही 'रोजनिशी'ची धाकटी बहीण. तिच्यातील 'निशी' रात्रीची नव्हे, तर फडणीस-चिटणीसांतील फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा, याच्या कुळातील. आणि तिला संस्कृत 'जाल' जोडलेले. तरीही टिकला तो 'ब्लॉग'. तो सामान्यरूपही पुरते घेत नाही. आपण 'ब्लॉगवर' म्हणतो, 'ब्लॉगावर' क्वचितच. परंतु इंग्रजीत ज्या क्रियापदाच्या बळावर सेवांचा प्रसार झाला, ते क्रियापद मराठीने उचलले नाही. 'मी ब्लॉगतो' असे थट्टेवाचून कोणी म्हणत नाही. आपण ब्लॉग 'लिहितो'. क्रिया जुनीच राहिली, जागा तेवढी नवी झाली. मराठी लिहिणाऱ्याने स्वत:स लेखकच मानले, हे त्यावरून दिसते, आणि पुढील विवेचनात त्याला महत्त्व आहे.

दुसरी युक्ती 'लाइव्हजर्नल' या सेवेची. १९९९ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक या विद्यार्थ्याने ती सुरू केली. गर्दी आवरेना, म्हणून २००१ पासून २००३ च्या अखेरीपर्यंत तेथे नव्या मनुष्यास फुकट खाते हवे असल्यास आधीच्या सभासदाचे निमंत्रण मिळवावे लागे. हेतू गर्दी आवरण्याचा होता. परिणाम असा झाला की सेवेची शिफारस प्रत्येक वेळी ओळखीच्या मुखातून होऊ लागली. आपल्याकडे पंगतीचे आवतण शेजाऱ्याकडून आल्यास ते टाळणे जसे अवघड जाते, तसेच हे.

तिसरी आणि सर्वांत दीर्घजीवी युक्ती पानाच्या तळाशी असलेल्या एका ओळीची होती. २००१ मध्ये निघालेले 'मूव्हेबल टाइप' हे साधन जाणकारांत प्रिय होते. परंतु मे २००४ मध्ये तिसऱ्या आवृत्तीबरोबर त्याचे दरपत्रक बदलले, आणि नाराज झालेले अनेक जण 'वर्डप्रेस'कडे वळले. मॅट मलनवेग व माइक लिटल यांनी २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध केलेले वर्डप्रेस विनामूल्य होते, आणि त्याची संहिता कोणासही पाहता व बदलता येत असे. त्याच्या ठरीव मांडणीत पानाच्या तळाशी 'प्राउडली पॉवर्ड बाय वर्डप्रेस' असे शब्द आपोआप येत. मराठीत सांगावयाचे तर, 'अमुक ब्लॉग अभिमानाने वर्डप्रेसच्या बळावर चालतो.' येथे अभिमान कोणाचा? वाक्याचा कर्ता ब्लॉग. वाक्य रचणारी मंडळी वर्डप्रेसची. आणि ते प्रकाशित झाले ब्लॉग लिहिणाऱ्याच्या घरी, त्याच्या नावाखाली. ज्याने ते कधी लिहिलेच नाही, त्याच्या तोंडी ते घातले गेले. इच्छा असल्यास ते काढून टाकता येई, हे खरे. पण ज्याला काही मोल द्यावे लागले नाही, तो मनुष्य ती ओळ बहुधा राहू देई. नाटकाच्या पडद्यावर रंगाऱ्याने कोपऱ्यात स्वत:चे नाव लिहावे, इतकी ही निरुपद्रवी जाहिरात होती. पुढे याच परिवाराने 'वर्डकॅम्प' नावाचे मेळावे भरविले. पहिला सॅन फ्रान्सिस्कोत २००६ मध्ये भरला, आणि २०१४ मध्ये मुंबईतही असा मेळावा झाला. वापरणाराच तेथे वक्ता, स्वयंसेवक आणि प्रचारक असे.

इथपर्यंत गोष्ट सरळ होती. ती वळली दुव्यापाशी. (आपल्या भाषेत 'दुवा' म्हणजे साखळीची कडी आणि 'दुवा' म्हणजे आशीर्वादही; ब्लॉगच्या संदर्भात दोन्ही अर्थ लागू पडतात.) एखाद्या पानाकडे किती आणि कोणती पाने दुवे देतात यावरून गूगलचे शोधयंत्र त्याचे महत्त्व ठरवी, आणि दुव्याचे शब्द त्या पानाचे वर्णन मानी. म्हणजे दुवा हे एक विधान झाले: ज्याकडे दुवा जातो ते पान उद्देश्य, आणि दुव्याचे शब्द विधेय. २००३ मध्ये अनेक ब्लॉगलेखकांनी ठरवून 'दयनीय अपयश' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा दुवा राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या अधिकृत चरित्राकडे दिला, आणि ते शब्द शोधले असता ते चरित्रच अग्रभागी येऊ लागले. विनोद म्हणून ही गोष्ट गाजली. व्यापाऱ्यांनी तिच्यातून निराळाच धडा घेतला: ब्लॉगवरील वाक्याला आता बाजारभाव होता. प्रतिक्रियांच्या जागी औषधांच्या आणि जुगाराच्या दुव्यांचा पूर लोटला. इतका, की जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी, 'या दुव्याला शिफारस मानू नये' असे यंत्रास सांगणारी एक खूण मान्य केली. ही खूण माणसास दिसत नाही, फक्त यंत्र वाचते. नकारार्थी अव्यय वाचकापासून लपवून दुसऱ्याच श्रोत्यास ऐकवावे, असा हा प्रकार भाषेच्या इतिहासात अपूर्व म्हणावा लागेल.

त्याच वर्षी मार्च महिन्यात एक लाजिरवाणी गोष्ट उघडकीस आली. वर्डप्रेसच्या मुख्य संकेतस्थळावर हजारो लेख ठेवलेले आढळले. त्यांकडे नेणारे दुवे पानावर असूनही पाहणाऱ्यास दिसू नयेत, अशी योजना केलेली होती. लेख विमा, कर्ज, आजार अशा विषयांवर होते. ते शोधयंत्रासाठी रचलेले, आणि मोबदला जाहिरातीच्या धंद्यातून मिळणारा. बोभाटा झाल्यावर ते काढून टाकण्यात आले. मलनवेग याने चूक मान्य केली, आणि वर्डप्रेसचे नाव त्यातून सावरले. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र लेखनाच्या इतिहासात या घटनेला त्या बोभाट्याहून अधिक मोल आहे. येथे लेखक होता, वाक्ये होती, व्याकरण शुद्ध होते. आणि वाचक कोणीच अभिप्रेत नव्हता.

यानंतर वाक्याची उघड खरेदी सुरू झाली यात नवल नाही. २००६ मध्ये 'पेपरपोस्ट' ही अमेरिकन सेवा निघाली. व्यापाऱ्याने विषय द्यावा, ब्लॉगलेखकाने त्यावर लिहावे, आणि लेखामागे पैसे घ्यावे. पैसे घेतल्याचे वाचकास सांगण्याचे बंधन आरंभी नव्हते. टीका झाल्यावर वर्षाअखेरीस ते घालण्यात आले. ही पद्धत आज सर्व भाषांत पसरली आहे, मराठीतही. आणि मराठीत तिने स्वत:ची वाक्यरचना घडविली आहे, जिचा अभ्यास व्हावयास हवा.

पुढील चार वाक्ये पाहा. 'मी हा चहा पितो.' 'मला हा चहा आवडला.' 'मला हा चहा पाठविण्यात आला.' 'मला हा चहा चाखण्याचा योग आला.' पहिल्यात कर्ता प्रथमेत आहे आणि क्रिया नित्याची आहे. त्याची जबाबदारी कर्त्यावर पूर्ण पडते. दुसऱ्यात 'मी'चा 'मला' होतो, चहा कर्त्याच्या जागी येतो, आणि बोलणारा अनुभव घेणारा उरतो. आवडीनिवडी सांगण्याची ही आपली नित्याची रीत असल्याने तीत संशयास्पद काही नाही. तिसऱ्यात '-ण्यात येणे' ही रचना आली. सरकारी परिपत्रकांतून आपण तिला चांगले ओळखतो. तिचा गुण हा की करणाऱ्याचे नाव गाळूनही वाक्य पूर्ण वाटते. चहा पाठविला कोणी, हे विचारण्याची जागाच वाक्यात राहत नाही. चौथे वाक्य सर्वांत चतुर. त्यात पाठविणाऱ्याच्या जागी साक्षात योग, म्हणजे दैव, बसविले आहे! पैसे घेऊन लिहिलेल्या मजकुरात तिसऱ्या-चौथ्या प्रकारची वाक्ये आरंभी येतात आणि मग दुसऱ्या प्रकारची सुरू होतात, असे प्रस्तुत लेखकास अनेकदा आढळले आहे. पहिल्या प्रकारचे वाक्य क्वचित येते. मराठी लिहिणारा स्वत:स अद्याप लेखक मानतो असे वर म्हटले. 'मी पितो' असे खोटे लिहिताना त्याचा हात अडखळत असावा, आणि तो अडखळ व्याकरणात उमटतो.

सेवांचे स्वरूप मधल्या काळात पालटले. १ जुलै २०१३ रोजी गूगलने आपले 'रीडर' हे ब्लॉगवाचनाचे साधन बंद केले, आणि वाचक एकेका ब्लॉगकडे जाण्याऐवजी समाजमाध्यमांच्या प्रवाहात जे समोर येईल ते वाचू लागला. २००३ मध्ये सुरू झालेली 'टाइपपॅड' ही सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाली. २०१७ मध्ये निघालेल्या 'सबस्टॅक'ने वाचकाच्या टपालपेटीत थेट वार्तापत्र पोहोचविण्याची रीत धरली. तेथे पैसे वाचक देतो, आणि वर्गणीतील १० टक्के सेवा घेते. प्रसाराची युक्ती मात्र ओळखीचीच आहे. २०२२ पासून तेथे एक लेखक दुसऱ्याची शिफारस आपल्या वाचकांना करू शकतो. लाइव्हजर्नलचे आवतण नव्या वेषात परत आले.

कायद्याने या प्रश्नाची दखल उशिरा घेतली. अमेरिकेत १ डिसेंबर २००९ पासून, मोबदला घेऊन शिफारस करणाऱ्या ब्लॉगलेखकाने तसे सांगितले पाहिजे, असे मार्गदर्शक नियम लागू झाले. भारतात जाहिरात मानक परिषदेचे नियम १४ जून २०२१ पासून लागू झाले, आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने मार्गदर्शिका काढली. तीत शिफारस ज्या भाषेत असेल त्याच भाषेत खुलासा असावा, असे म्हटले आहे. भाषेच्या विद्यार्थ्यास ही तरतूद स्वागतार्ह वाटेल. पण मराठीत तो खुलासा कोणत्या शब्दाने करावयाचा? 'जाहिरात' हा शब्द सर्वांस कळतो आणि म्हणूनच टाळला जातो. 'प्रायोजित' हा दूरदर्शनच्या काळापासून कानावर आहे, तरी पुष्कळांस तो केवळ मानाचा वाटतो. 'यांच्या सहयोगाने' यात पैशाचा गंधही नाही. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या फलकावर ते शोभावे. आणि 'कोलॅब' हा शब्द तर ज्यांस कळतो त्यांस खुलाशाची गरजच नसते.

यंदापासून आपल्या वर्गातील सामग्रीच्या टिपणपत्रात प्रत्येक वाक्यापुढे लेखक, दिनांक व स्थळ यांच्या जोडीला आणखी एक रकाना ठेवला आहे: मोबदल्याचा उल्लेख आहे किंवा नाही, आणि असल्यास तो कोणत्या शब्दांत व मजकुराच्या आरंभी की शेवटी. पूर्वीच्या टिपणांत हा रकाना नव्हता. ती पुन्हा तपासण्याचे काम विद्यार्थ्यांनी हाती घेतले आहे, आणि ज्या ब्लॉगसेवा बंद पडल्या त्यांच्यावरील वाक्यांपुढे तो कोराच ठेवावा लागत आहे.