पणजीची जुनी बराक व तेथील ग्रंथ

गोमंतकांतील जुने ग्रंथ जमविणाऱ्यांच्या हातून एक प्रमाद वारंवार घडतो. ग्रंथावर ज्या संस्थेचें नांव आढळतें, त्या संस्थेच्याच काळांत तो संग्रहांत आला असें ते धरून चालतात. हें अनुमान किती निसरडें आहे, तें पणजी येथील आझाद मैदानाजवळच्या लष्करी बराकीचा वृत्तांत पाहिला म्हणजे कळतें.

ही विस्तीर्ण वास्तु व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याच्या कारकीर्दींत, इ. स. १८३२ च्या सुमारास, फौजेच्या निवासासाठीं उभी राहिली. पोर्तुगीज तीस 'क्वार्तेल' म्हणत. मांडवीकांठची दलदल बुजवून पणजीस नगराचें रूप देण्याचें पुष्कळसें श्रेय याच अधिकाऱ्याचें. त्यानेंच १८३२ मध्यें लष्करी विद्यालयाच्या आश्रयानें सार्वजनिक ग्रंथालय स्थापिलें. पुढें १८३५ मध्यें धर्मसंघ बरखास्त झाले आणि मठांतील ग्रंथांची त्यांत भर पडली. ग्रंथालयाचें नांव १८३६ मध्यें 'बिब्लिओतेका पुब्लिका' व १८९७ मध्यें 'बिब्लिओतेका नासिओनाल' असें झालें. अखेर १९२५ मध्यें तें 'इन्स्तितुतो वास्को द गामा' या संस्थेस जोडलें गेलें व तिचें नांव त्यास मिळालें.

ही संस्था १८७१ मध्यें कवि व राजकारणी तोमाश रिबैरु याच्या पुढाकारानें निघाली होती. तिचें बिऱ्हाड बराकीच्या एका भागांत. तेव्हां एखाद्या ग्रंथावर वास्को द गामा ग्रंथालयाची मुद्रा असली, तर ती मुद्रा १९२५ पूर्वींची नव्हे, एवढेंच सिद्ध होतें. ग्रंथ त्यापूर्वीं नव्वद वर्षें मठांतून आलेला असूं शकेल. मुद्रेचा काळ निराळा, ग्रंथागमनाचा निराळा. मठाची खूण शोधावयाची ती पुठ्ठ्याच्या आंत व समासांत. मुखपृष्ठ पाहून परतणाऱ्यास ती दिसणार नाहीं.

मराठ्यांच्या इतिहासावर या बराकीचे उपकार आहेत, हें आम्हांस मुद्दाम सांगावेंसें वाटतें. संस्थेचें 'बोलेतीं' हें नियतकालिक १९२६ मध्यें निघालें आणि पांडुरंग पिसुर्लेकर यांची पोर्तुगीज-मराठे संबंधांवरील लेखमाला त्यांत प्रसिद्ध झाली. ज्या घरांत फौज राहिली, त्याच घरांतून त्या फौजेच्या प्रतिपक्षाचा इतिहास बाहेर पडला !

प्रवेशदालनांत झिलईदार फरशांवर कामोंइशच्या 'लुशियाद' काव्यांतील प्रसंग रंगविले आहेत. तें १९३५ चें काम झोर्झ कोलासु याचें. संस्थेस मात्र १९६३ मध्यें पोर्तुगीज सत्तेचे विरोधक लुईश द मेनेझिश ब्रागांझा यांचें नांव दिलें गेलें. नांव फिरलें, भिंती राहिल्या. हें आम्हांस योग्यच वाटतें, कारण फरशा उखडून टाकल्या असत्या तर एक साधन नष्ट झालें असतें.

वास्तूच्या दुसऱ्या भागांत आतां पोलिसांचें मुख्यालय आहे, म्हणजे गणवेश पुरता सुटला नाहीं. ग्रंथालय मात्र तेथून पाटो येथील संस्कृति भवनांत गेलें. जुन्या याद्यांवर विसंबून कोणी मैदानाकडे जाऊं नये. गेल्यास फरशा तेवढ्या पाहून यावें.