आर्विस्ट्लीचा दावा

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण माझ्या अशिलांनी मला किती वेळा ऐकवली असेल, याची गणती नाही. जमिनीचे दिवाणी दावे चालवण्यात माझी पस्तीस वर्षे गेली. त्या काळात एक गोष्ट पक्की कळली. जमीन कोणाची, हा प्रश्न नंतर येतो. आधी ठरावे लागते, की दावा कोणापुढे आणि कोणत्या कायद्याने चालायचा. पुष्कळ दाव्यांचा निकाल तिथेच लागून जातो. निवृत्तीनंतर मध्ययुगीन वेल्सचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा आर्विस्ट्ली नावाच्या एका लहानशा मुलखाचा दावा समोर आला आणि मी थबकलो. हा दावा चार वर्षे चालला, निकाल लागलाच नाही, आणि पुढे जे युद्ध पेटले त्यात वेल्सचे स्वातंत्र्य गेले.

वेल्सच्या मध्यभागी प्लिनलिमन नावाचा ७५२ मीटर उंचीचा डोंगर आहे. ब्रिटनमधली सर्वांत लांब नदी सेव्हर्न तिथे उगम पावते. तिचे वरचे खोरे म्हणजे आर्विस्ट्ली. लानिदलोइस आणि लान्दिनाम ही तिथली आजची ओळखीची गावे. वायव्येला ग्विनेद आणि ईशान्येला पोविस अशी दोन बलिष्ठ राज्ये होती. आर्विस्ट्ली त्या दोघांच्या डोळ्यांत भरावे अशाच जागी होते.

आर्विस्ट्ली हा एक ‘कान्त्रेव’ होता. ‘कान्त’ म्हणजे शंभर आणि ‘त्रेव’ म्हणजे वस्ती. शंभर वस्त्यांचा मुलूख. मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. गोव्यातल्या तिसवाडी आणि सासष्टी या नावांतही गावांचीच मोजणी आहे. वेल्श कायद्याच्या पोथ्यांत तर याचे चोख गणित दिलेले आहे. चार वस्त्यांचा एक ‘माएनोल’; बारा माएनोल आणि वर दोन वस्त्या मिळून पन्नास वस्त्यांचा एक ‘कुमुद’; दोन कुमुद मिळून एक कान्त्रेव. (कमळाशी या कुमुदाचा संबंध नाही, वेल्श उच्चारच तसा आहे.) प्रत्यक्ष जमीन अर्थातच इतकी आखीव नव्हती. पण कर गोळा करणे आणि न्याय देणे ही कामे याच चौकटीत होत. आर्विस्ट्लीचे दोन कुमुद होते, ‘उख कोइद’ आणि ‘इस कोइद’, म्हणजे रानाच्या वरचा आणि रानाच्या खालचा.

या मुलखाला स्वतःचे राजघराणे होते, आणि ते काही काळ चांगलेच उंचावर गेले. त्याहायर्न अप कारादोग (‘अप’ म्हणजे ‘चा मुलगा’) हा आर्विस्ट्लीचा सरदार १०७५ मध्ये थेट ग्विनेदच्या गादीवर बसला. १०८१ मध्ये मिनिद कार्नच्या लढाईत तो मारला गेला. वेल्श प्रथेप्रमाणे वडिलांच्या वारशावर सगळ्या मुलांचा हक्क असे. त्यामुळे वाटण्या झाल्या आणि वाटण्यांमागून भाऊबंदकी आली. ११३०च्या सुमारास त्याच्या नातवंडांनी एकमेकांचे खून पाडले, एकमेकांचे डोळे काढले. आंधळा माणूस राज्य करू शकत नाही, म्हणून डोळे काढणे ही त्या काळची राजकीय रीतच होती.

या रक्तपातातून उरलेला हावेल अप येयाव हा त्याहायर्नचा पणतू. त्याने ११६२ मध्ये ग्विनेदच्या राजाच्या ताब्यातला ताव्होल्वर्नचा किल्ला घेतला. चिडलेल्या राजाने लान्दिनामपर्यंत येऊन मुलूख लुटला. हावेलने सुमारे तीनशे माणसे घेऊन त्याचा पाठलाग केला, पण सेव्हर्नच्या काठी झालेल्या लढाईत त्यांतली जेमतेम एक तृतीयांश माणसे घरी परतली, असे वेल्श बखर सांगते. हावेल ११८५ मध्ये वारला आणि स्ट्राटा फ्लोरिडाच्या मठात सन्मानाने पुरला गेला. पुढे बाराच वर्षांनी, ११९७ मध्ये, दक्षिण पोविसच्या ग्वेनविनविनने आर्विस्ट्ली आपल्या राज्याला जोडून घेतले.

इथून पुढचा इतिहास म्हणजे ताबा कोणाचा आणि हक्क कोणाचा, याचा शंभर वर्षांचा गोंधळ. पोविस म्हणे, ताबा आमचा. ग्विनेदकडे एक जुना पुरावा होता: आर्विस्ट्ली चारही बाजूंनी इतर धर्मप्रांतांनी वेढलेले असूनही त्याची चर्च ग्विनेदमधल्या बँगरच्या बिशपच्या अधिकाराखाली होती.  थोरल्या लिवेलिनने १२१६ मध्ये ग्वेनविनविनला हाकलून हा भाग घेतला. १२४० मध्ये तो वारल्यावर इंग्लंडच्या राजाने ग्वेनविनविनचा मुलगा ग्रिफिद याला तो परत दिला. १२५७ मध्ये थोरल्या लिवेलिनचा नातू, त्याच नावाचा लिवेलिन अप ग्रिफिद, याने ग्रिफिदला पुन्हा हाकलले. १२६३ मध्ये ग्रिफिदने त्याचे मांडलिकत्व पत्करून मुलूख परत मिळवला. १२७४ मध्ये मात्र लिवेलिनच्या खुनाचा कट उघडकीला आला. कटात ग्रिफिद होता, त्याचा मुलगा होता आणि लिवेलिनचा सख्खा भाऊ दावीदही होता. ग्रिफिद इंग्लंडला पळाला. १२७७ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने लिवेलिनचा पराभव केला आणि ग्रिफिद पुन्हा आर्विस्ट्लीत येऊन बसला.

त्याच वर्षी अबरकॉन्वीचा तह झाला. त्यात एक कलम असे होते, की वेल्समधले तंटे वेल्श कायद्याने आणि सरहद्दीवरच्या जहागिरींतले तंटे तिथल्या रिवाजाने सोडवावेत. १२७८च्या सुरुवातीला लिवेलिनने आर्विस्ट्लीसाठी दावा लावला आणि वेल्श कायदा मागितला. ग्रिफिदने उत्तर दिले, की मी सरहद्दीवरचा राजाचा सरदार आहे, वेल्श कायद्याने उत्तर द्यायला मी बांधलेला नाही. माझ्यातला वकील इथे हसला. दोघेही वेल्श राजघराण्यांतले, पण ज्याला जो कायदा सोयीचा, तो त्याला प्रिय!

लिवेलिनचा मुद्दा मात्र केवळ सोयीचा राहिला नाही. त्याने एडवर्डला सांगितले, की तुमच्या सत्तेखाली गॅस्कनीचे लोक, स्कॉट, आयरिश, इंग्रज या सगळ्यांना आपापले कायदे आहेत. मग वेल्श लोकांनाच का नसावेत? एका मुलखाचा दावा इथे साऱ्या लोकांचा झाला.

तो वेल्श कायदा होता तरी कसा? पोथ्यांनुसार जमिनीच्या तंट्याचे न्यायालय त्या जमिनीवरच भरे. राजाने ऊन किंवा वारा पाठीशी घेऊन बसायचे, म्हणजे हवेचा त्रास त्याच्या तोंडावर येणार नाही. नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांत जमिनीचे दावे बंद, कारण शेतकऱ्याला तेव्हा वेळ कुठला? ज्यांच्यासाठी तो केला, त्यांच्या आयुष्याला तो जोडलेला होता.

एडवर्डने तो कायदा सरळ नाकारलाही नाही. त्याने तारखा दिल्या. पूर्वीच्या राजांच्या काळात काय रिवाज होता, याची चौकशी करायला त्याने आयोग नेमला, ठिकठिकाणी साक्षी नोंदवल्या. वाईट रिवाज मोडून काढण्याची शपथ मी राज्याभिषेकाच्या वेळी घेतली आहे, असेही त्याने लिवेलिनला ऐकवले. म्हणजे कोणता रिवाज वाईट, हे ठरवणारही तोच. निकाल विरुद्ध गेला तर अपील करता येते, निदान मनाची तयारी करता येते. निकालच न मिळणाऱ्या माणसाचा चेहरा मी कोर्टाच्या व्हरांड्यात पुष्कळदा पाहिला आहे.

२१ मार्च १२८२ला दावीदने हॉर्डनच्या किल्ल्यावर हल्ला करून बंड पुकारले. हाच दावीद आठ वर्षांपूर्वी भावाच्या जिवावर उठला होता. इंग्रज अधिकाऱ्यांच्या कारभाराने तोही आता पोळला होता. लिवेलिन त्याला जाऊन मिळाला. कँटरबरीचे आर्चबिशप मध्यस्थीला आले, तेव्हा लिवेलिनने जी गाऱ्हाणी मांडली, त्यांत आर्विस्ट्ली होतेच. युद्धाची कारणे अनेक होती. सगळा दोष या एका दाव्यावर टाकता येणार नाही. पण राजाकडे न्याय मिळत नाही, ही खात्री या दाव्यानेच पटवली. ११ डिसेंबरला लिवेलिन बिल्थजवळ मारला गेला. १२८४च्या कायद्याने ग्विनेदमध्ये फौजदारी बाबतीत इंग्रजी कायदा आला. मुलांमध्ये जमीन वाटण्याची वेल्श रीत तेवढी राहिली. १५३६ मध्ये वेल्स इंग्लंडला जोडला गेला आणि आर्विस्ट्ली माँटगोमेरी परगण्यात विरून गेले.

आर्विस्ट्ली ग्रिफिदच्याच वंशाकडे राहिले. ‘दे ला पोल’ असे नाव लावून त्याचे वंशज इंग्रज सरदारांत मिसळून गेले. एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. वादी ग्विनेदचा, प्रतिवादी पोविसचा, न्यायाधीश इंग्लंडचा. ज्या घराण्याने लान्दिनामला सेव्हर्नच्या काठी आपली माणसे गमावली, त्याचे नाव या दाव्यात वारस म्हणून कुठेच येत नाही. वेल्श रीतीने न्यायालय त्या जमिनीवर भरले असते, तर निदान ती जमीन कसणाऱ्यांनी ते पाहिले तरी असते.