कंपवात आणि डॉ. कोट्झियस यांची चिकाटी

वय झालें कीं हात कांपावयाचाच, असें म्हणून पुष्कळ घरांत एका रोगाकडे कानाडोळा केला जातो. घरांतील वडील माणसाचें अक्षर दिवसेंदिवस बारीक होत जातें, पाऊल जमिनीवर घासत पडतें, आवाज खोल जातो आणि चेहऱ्यावरील भाव मावळतात. सुनेला वाटतें, मामंजी रागावले आहेत. नातवंडांना वाटतें, आजोबा आतां आपल्याशीं हंसत नाहींत. वस्तुतः रागाचा येथें कांहींएक संबंध नसतो; मेंदूचा हुकूमच स्नायूंकडे वेळेवर पोंचत नसतो. आयुर्वेदांत अशा लक्षणांस वेपथु, कंपवात या संज्ञा आहेत. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनीं इ. स. १८१७ सालीं सहा रोग्यांवरून या रोगाचें वर्णन केलें, आणि पुढें त्यांचेंच नांव त्यास मिळालें.

वर्णन झालें, परंतु उपाय सांपडावयास दीडशें वर्षें लागलीं. मेंदूच्या बुडाशीं 'कृष्णद्रव्य' नांवाचा एक काळसर भाग आहे. तेथील पेशी डोपामीन नांवाचें द्रव्य तयार करतात, आणि हालचालींचा तोल त्यावर अवलंबून असतो. स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनीं १९५७ च्या सुमारास प्राण्यांवरील प्रयोगांनीं या द्रव्याचें महत्त्व दाखविलें. व्हिएन्नाचे हॉर्निकिएविच व त्यांचे सहकारी यांनीं १९६० सालीं मृत रोग्यांचे मेंदू तपासून त्यांत डोपामीन फारच थोडें उरल्याचें सिद्ध केलें.

मग डोपामीनच पोटांत कां देऊं नये? अडचण अशी कीं, रक्त आणि मेंदू यांच्यामध्यें जणुं वाड्याच्या देवडीवर असावा तसा पहारा आहे. डोपामीनला तेथें मज्जाव. परंतु ज्यापासून तें बनतें त्या 'डोपा'ला मात्र प्रवेश मिळतो. व्हिएन्नांत १९६१ सालीं डोपा शिरेंतून टोंचून पाहिला, तेव्हां अंथरुणास खिळलेले रोगी उठून चालूं लागले. पण कांहीं तासांनीं पुन्हा पूर्वस्थिति! इतरत्र कोणास गुण दिसला, कोणास दिसला नाहीं. शिवाय ओकाऱ्या होत. पुष्कळांनीं नाद सोडला.

तो ज्यांनीं सोडला नाहीं ते डॉ. जॉर्ज कोट्झियस. त्यांचा जन्म १९१८ सालीं ग्रीसच्या क्रीट बेटावर झाला. जर्मनांनीं ग्रीस घेतल्यावर तें कुटुंब अमेरिकेंत गेलें. तेथें हार्वर्डला त्यांचें वैद्यकीय शिक्षण झालें. पुढें न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेंत ते मँगेनीज धातूचा शरीरावरील परिणाम अभ्यासूं लागले. चिली देशांतील मँगेनीजच्या खाणींत राबणाऱ्या मजुरांस कंपवातासारखाच विकार जडे. त्यावरून त्यांचें लक्ष या रोगाकडे वळलें. कृष्णद्रव्याचा फिका पडलेला रंग पुन्हां भरून काढावा, असा त्यांचा प्रथम तर्क होता. तो तर्क फळला नाहीं, पण त्या वाटेनें ते डोपापर्यंत आले.

त्यांची खुबी मात्रेंत होती. अगदीं अल्प डोपा तोंडावाटे द्यावयाचा, शरीरास त्याची संवय होऊं द्यावयाची आणि मग तो हळूहळू वाढवीत न्यावयाचा. अशा रीतीनें ते दिवसाला ३ ते १६ ग्रॅमपर्यंत गेले. १९६७ सालीं त्यांनीं १६ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकीं ८ जणांस ठळक गुण आला होता. मात्र चौघांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी घटल्या. हा दोषही त्यांनीं लपविला नाहीं. पुढें डोपाच्या दोन रूपांपैकीं उपयुक्त असें 'एल' रूपच निवडून त्यांनीं १९६९ सालीं २८ रोग्यांवरील अनुभव मांडला. त्याच वर्षीं त्यांस लास्कर पारितोषिक मिळालें. १९७७ सालीं कर्करोगानें त्यांचा अंत झाला.

हें औषध रोग बरा करीत नाहीं. पेशींचा क्षय चालूच राहतो. कांहीं वर्षांनीं गुण अपुरा पडूं लागतो, व हातपाय आपोआप वळवळूं लागण्याचा नवा त्रासही होतो. तो त्रास कोट्झियस यांनींच नोंदविला होता. कार्बिडोपा जोडीस दिल्यानें मात्रा कमी पुरते व ओकारीही घटते. अद्यापि याहून प्रभावी औषध नाहीं.

आपणांस विशेष वाटावें अशी एक गोष्ट आहे. रानांत जिचा स्पर्शही नकोसा वाटतो ती खाजकुहिली संस्कृतांत कपिकच्छू व आत्मगुप्ता, म्हणजे स्वतःचें रक्षण स्वतःच करणारी, या नांवांनीं प्रसिद्ध आहे. तिच्या बियांतून मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनीं १९३७ सालींच एल-डोपा वेगळा काढला होता. पुढें मुंबईच्या संशोधकांनीं १९७८ सालीं कंपवाताच्या रोग्यांवर, आणि लंडनमध्यें २००४ सालीं आठ रोग्यांवर, त्या बियांचे प्रयोग झाले. म्हणून कोणी घरच्या घरीं बिया कुटून देऊं नये. मात्रेचा प्रश्न येथेंही तितकाच नाजूक आहे.

गृहस्थांनीं इतकेंच करावें. वडिलांचें अक्षर बारीक झालें, चालतांना एक हात हलेनासा झाला, तर 'वय झालें' म्हणून स्वस्थ न बसतां मज्जातंतूंच्या तज्ज्ञास दाखवावें. औषधाची वेळ चुकवूं नये. आणि ज्यांचा चेहरा हंसत नाहीं, त्यांचें मन आपल्याशीं हंसत असेल, हें घरांतील लहानथोरांनीं ध्यानांत ठेवावें.